मोठ्या टेलिफोन कंपनीतील नोकरी : नफा आणि तोटा
(हरिहरेश्वर येथे पालक-विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आदळले. वीज गेली, मोबाईल बंद पडले आणि आखातात असलेल्या आपल्या माणसांना घरची खबर कळेना. टेलिफोनचे काम ही लोकसेवा आहे, हे त्या दिवसांत आपणा सर्वांना पटले. म्हणून या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांना मी नाउमेद करणार नाही. मात्र दोन्ही बाजू पाहून जा.

प्रथम फायदे. मोठ्या कंपनीच्या कायम नोकरीत महिन्याचा पगार, भविष्य निर्वाह निधी आणि नवी यंत्रे हाताळण्याचे शिक्षण मिळते. ऑप्टिकल फायबर जोडण्याचे कसब शिकलेला मुलगा मुंबईत पोट भरेल, दुबई-कुवेतमध्येही भरेल.

आता तोटे. एके काळी टेलिफोन खात्यातील नोकरी म्हणजे जन्माची भाकरी समजली जाई. पुढे १९८६ मध्ये मुंबईसाठी महानगर टेलिफोन निगम आले, २००० मध्ये भारत संचार निगम स्थापन झाले. जुलै २०१३ मध्ये तारसेवा कायमची बंद पडली. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत या दोन निगमांतील पन्नाशी गाठलेल्या ९० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडली. खाजगी कंपन्यांची गतही निराळी नाही. २०१८ साली एअरसेल दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. दोन कंपन्यांची एक झाली की दोन खुर्च्यांचीही एक होते.

पालकांनो, दहावी होताच सिमकार्डे विकण्यास लागलेला मुलगा “मी कंपनीत आहे” असे अभिमानाने सांगतो. त्याचे नेमणूकपत्र पाहा. पुष्कळदा त्यावर कंपनीचे नव्हे, कंत्राटदाराचे नाव असते. कधी नेमणूकपत्रच नसते. तेव्हा तीन गोष्टी विचारा: पत्र कोणाचे? निधी कापला जातो काय? आणि मुलगा तेथे कोणते काम शिकणार?

विद्यार्थी मित्रांनो, आधी आयटीआय किंवा डिप्लोमा पुरा करा. मुलींनीही यात मागे राहू नये. नोकरी लागल्यावरही दर दोन-चार वर्षांनी काही नवे शिकत राहा. कंपनी उद्या असेल, नसेल. हातातले कसब कोणी काढून घेऊ शकत नाही.