मोटारींतील गारवा कां रुसतो?

वैशाखाच्या उन्हांत मोटारींतील वातानुकूलक एकाएकीं थांबला, म्हणजे ‘गॅस संपला’ असें निदान करून आपण मोकळे होतों. परंतु वैद्य जसा आधीं नाडी पाहतो, तसा येथेंहि कांहीं क्रम हवा.

प्रथम पंखा पाहावा. तो केवळ सर्वांत वरच्या वेगावर फिरत असेल, तर बहुधा दोष रेझिस्टरचा असतो. कारण पूर्ण वेगाच्या वेळीं वीज त्यास वगळून सरळ पंख्याकडे जाते. पंखा मुळींच फिरत नसेल, तर फ्यूज पाहावा. मात्र वितळलेल्या फ्यूजच्या जागीं अधिक अँपिअरचा फ्यूज कदापि घालूं नये. मग फ्यूजऐवजीं तार तापते आणि गाडी पेट घेऊं शकते.

पंखा चालतो, पण वारा उष्णच येतो, अशा वेळीं कॉम्प्रेसरला चुंबकीय क्लच असल्यास तो तपासावा. इंजिन व बटण चालू असतां क्लचपर्यंत १२ व्होल्ट पोंचत असूनहि तो ओढला जात नसेल, तर दोष त्याच्या वेटोळ्यांत अथवा अर्थिंगमध्यें असण्याचा संभव अधिक. वीजच पोंचत नसेल, तर फ्यूज, रिले व दाबाचा स्विच पाहावा.

येथेंच पुष्कळजण फसतात. गॅस कमी झाला कीं हा स्विच मुद्दाम वीज तोडतो. तो बिघाड नव्हे, पहारा होय. तार जोडून त्याला बगल दिली, तर गॅसबरोबर फिरणारें तेल पुरेसें न मिळून कॉम्प्रेसरच निकामी होतो, व गळती बुजविण्याऐवजीं नव्या कॉम्प्रेसरचा खर्च माथीं बसतो. म्हणून यंत्र कां थांबलें, हें आधीं शोधावें. तें चालविण्याची घाई मागाहून करावी.