मदतीची वेळ



संकटात सापडलेल्या मित्राने साहाय्य मागावे आणि ते देऊ शकणाऱ्यांच्या सभागृहात महिनोन्‌महिने खल चालावा, हा प्रकार आजचा नव्हे. आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईचा पडका कोट उभा आहे. त्याच्या अखेरच्या दिवसांत याचा उत्तम दाखला सापडतो.

सन १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईस वेढा घातला. मार्चात खाडीच्या अलीकडील धारावीचे ठाणेही मराठ्यांनी घेतले. कोंडलेल्या पोर्तुगीजांनी मुंबईकर इंग्रजांकडे धाव घेतली. ही दोन्ही राष्ट्रे जुनी दोस्त. मुंबई बेटदेखील इंग्रजांस १६६१ च्या विवाह-तहाने पोर्तुगालकडूनच मिळालेले. परंतु गव्हर्नरास कौन्सिलसह निर्णय करावा लागे, आणि कौन्सिलला एकीकडे कंपनीच्या तिजोरीची व दुसरीकडे मराठ्यांच्या रोषाची धास्ती. मिळाले ते पंधरा हजार रुपयांचे कर्ज; तेही चर्चमधील चांदी व काही पितळी तोफा तारण घेऊन. शत्रू दाराशी आणि तोफा गहाण! मे महिन्यात वसई पडली. जुलैत इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला.

या चालढकलीचा लाभ आपल्या पूर्वजांस झाला, म्हणून तिचे आपणांस वैषम्य वाटत नाही. परंतु त्यातील तत्त्व ध्यानी घेण्याजोगे आहे. निर्णय लांबविणारा स्वतःस तटस्थ समजतो. प्रत्यक्षात काळ ज्यास अनुकूल, त्याच्याच पदरात तो दान टाकीत असतो.

अमेरिकेचा ‘लेंड-लीज’ कायदा १९४१ च्या जानेवारीत काँग्रेसपुढे आला. कडाक्याचा विरोध होऊनही मार्चात तो संमत झाला. उलट युक्रेनसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितलेल्या साहाय्यास तेथेच एप्रिल २०२४ उजाडला. मधल्या फेब्रुवारीत युक्रेनला आवदीइव्हका शहर सोडावे लागले. दारूगोळ्याची चणचण हे त्याचे एक कारण होते.

जनतेच्या पैशाचा हिशेब विचारणे हा लोकप्रतिनिधींचा अधिकारच नव्हे, तर कर्तव्य आहे. मदत नको वाटत असेल, तर त्यांनी तसे स्पष्ट सांगावे; मागणाऱ्यास तह, माघार किंवा दुसरा मित्र शोधण्यास अवधी तरी मिळतो. द्यावयाची असेल, तर वेळेवर द्यावी. आशेवर झुलवीत ठेवून वरातीमागून घोडे धाडण्यात ना काटकसर साधते, ना मैत्री. सभागृहातील घड्याळ आणि तटावरील घड्याळ ही एकाच गतीने चालत नाहीत, एवढे भान मत देणाऱ्या प्रत्येक सभासदाने ठेवावे.