सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही
(मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं बोलणं)



मागच्या सभेत हिशोब वाचताना मी "गाडी दुरुस्ती २,८५० रुपये" असं वाचलं. तेव्हा मागून एका आजीनं विचारलं, "काय दुरुस्त केलं वं माय येवढ्यात?" मला उत्तर देता आलं नाही. गाडी मीच चालवते, पैसेही मीच मोजून दिले, अन् काय केलं ते मलेच माहीत नाही! थे उत्तर द्यायला आज उभी आहे.

आपली ओम्नी जुनी, डिस्ट्रीब्युटरवाली, तीन सिलिंडरची. पावसाळ्यात आठ दिवस ती गोदामात तुरीच्या पोत्यांजवळ उभी होती. नवव्या दिवशी किल्ली फिरवली, सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन काही पेटेना. मिस्त्री आला, म्हणाला करंट नाही, कॉइल गेली. त्यानं कॉइल बदलली, तिन्ही प्लग बदलले. गाडी चालू झाली, आम्ही खूश.

पंधरा दिवसांनी पापड-शेवया भरून अकोल्याला निघालो. माना फाट्याजवळ चहाला थांबलो, अन् निघताना पुन्हा तेच. हा तोच रस्ता, जिथं लोणी ते माना पट्ट्यात जून २०२२ मध्ये एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. त्या गुळगुळीत रस्त्यावर आम्ही पाच जणी धक्का मारत होतो! सेल्फ चांगला फिरत असताना धक्का मारून काही फायदा नसते, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

तिथं आलेल्या दुसऱ्या मिस्त्रीनं आधी काहीच बदललं नाही. त्यानं पुढची सीट उचलली (ओम्नीचं इंजिन सीटखालीच असते) अन् खिशातून दोन वायर लावलेला १२ व्होल्टचा बल्ब काढला. मी म्हटलं, दादा, मला दाखवत करा.

विहिरीवरची मोटर बंद पडली तर आपण काय करतो? आधी डीपीवर लाईट आहे का पाहतो, मग स्टार्टर, मग केबल. मोटर लगेच वर काढत नाही. गाडीतही तसंच आहे. बॅटरीचा करंट किल्लीतून कॉइलला जातो. कॉइल त्याचा हजारो व्होल्टचा झटका करते. तो डिस्ट्रीब्युटरमधून पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला पोचतो. कुठपर्यंत आला अन् कुठून हरवला, एवढंच शोधायचं.

पहिलं काम म्हणजे एक प्लग काढून त्याच्याच वायरीत बसवायचा, त्याची लोखंडी बाजू इंजिनला टेकवून ठेवायची अन् दुसरीनं सेल्फ मारायचा. निळी, कडक ठिणगी दिसली तर करंट आहे, दोष पेट्रोलमध्ये किंवा दुसरीकडे शोधा. प्लग हातात धरू नका, झटका जबर बसतो. अन् पेट्रोलचा वास येत असेल, कुठं गळत असेल, तर हे करूच नका.

ठिणगी नसली तर कॉइलमधून निघणारी मधली जाड वायर तशीच तपासायची. तिथं ठिणगी आहे पण प्लगला नाही, तर दोष डिस्ट्रीब्युटरच्या टोपणात, रोटरमध्ये किंवा प्लगच्या वायरीत. पावसाळ्यात टोपणाच्या आत ओल धरते. कोरड्या फडक्यानं पुसूनही कधी गाडी चालू होते. टोपण काढलंच आहे तर सेल्फ मारून रोटर फिरतो का पाहा. फिरत नसेल तर टायमिंग बेल्टची शंका घ्या अन् सेल्फ मारणं थांबवा.

कॉइलमधूनही ठिणगी नाही, तर बल्बची एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या प्लस टोकाला लावून किल्ली चालू करायची. आमच्याकडं इथंच बल्ब लागला नाही. म्हणजे कॉइलपर्यंत करंट येतच नव्हता! मग नवी कॉइल काय करणार? फ्यूज चांगला होता. वायर धरून मागे मागे गेलो, तर उंदरानं कुरतडलेली, दोन तारांवर लटकलेली. हलली की जुळायची, हलली की सुटायची. पहिल्यांदा गाडी कॉइलमुळं नाही, वायर हलली म्हणून चालू झाली असावी.

वायर अन् मजुरी मिळून १९० रुपये लागले. पण स्टॉलवर दुपारी पोचलो, सकाळचं गिऱ्हाईक गेलं.

बल्ब लागला असता तर? मग तो मायनस टोकाला लावून सेल्फ मारायचा. लुकलुकला अन् तरी ठिणगी नाही, तर कॉइल खराब. हे पाहिल्याशिवाय कॉइलचे पैसे देऊ नका.

हे सगळं जुन्या पेट्रोल गाडीचं आहे. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असते, सेन्सर असतात. तिथं वायरी ओढू नका, मशीन लावून कोड वाचायला सांगा. ट्रॅक्टर अन् डिझेल गाडीत ठिणगीच नसते. काही डिझेलमध्ये हीटर प्लग असतो, पण तो थंडीत इंजिन गरम करायला. आपल्या मे महिन्यात कोणी त्याचं बिल दिलं तर जरा विचारा!

जुनी कॉइल मी पहिल्या मिस्त्रीकडून परत आणली आहे. पुढच्या सभेला गाडी घेऊनच येते, सीट उचलून आधी त्या आजीलाच बल्ब लावायला देते. जुनं लुगडं नेसून या, हाताला काळं लागते.