नाण्याची छाप आणि तिची पारख

ठशात कोरलेले काम चकतीवर किती पूर्णपणे उतरले, यावरून नाण्याची छाप ठरते. दोन ठशांच्या मधे कोरी चकती येते, दाब बसतो आणि धातू सरकून ठशाच्या खोलगट जागांत शिरतो. ठशातली सर्वांत खोल जागा नाण्यावर सर्वांत उंच येते. धातू तिथे शेवटी पोचतो, म्हणून दाब कमी पडला की आधी तोच भाग सपाट राहतो. पुढे नाणे चलनात फिरू लागले की झीजही प्रथम त्याच उंच भागावर होते. पारख अवघड होते ती यामुळेच: कारणे दोन, खूण मात्र एकाच जागी.

छाप कमजोर पडण्याची कारणे टांकसाळीतच असतात. ठसे जास्त काळ टिकावेत म्हणून दोन ठशांतले अंतर किंचित वाढवले जाते. चकती तापवून पुरेशी मऊ केलेली नसते किंवा ती पातळ असते. कधी दोन्ही बाजूंचे उंच भाग नेमके पाठीला पाठ लावून येतात आणि दोन्हीकडे पुरेल इतका धातू मधे उरत नाही. ठशात वंगण साचले किंवा ठसाच झिजला, तर एखादे अक्षर गायब होते. अमेरिकेत 1922 साली एका सेंटची नाणी फक्त डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडली गेली. तरीही त्यांतल्या काहींवर डेन्व्हरचे ‘डी’ हे अक्षर दिसत नाही, ते याच कारणाने.

दोन्ही बाजूंचे उंच भाग पाठीला पाठ येण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेचा मॉर्गन डॉलर. 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडलेले हे चांदीचे नाणे 26.73 ग्रॅम वजनाचे आणि 38.1 मिलिमीटर व्यासाचे आहे. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस आणि दुसऱ्या बाजूला गरुडाची छाती, हे दोन उंच भाग एकमेकांच्या पाठीशी येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या 1879 ते 1882 च्या बहुतेक नाण्यांवर केसांच्या बटा सुट्या दिसतात आणि छातीवरचे पीस न् पीस ओळखू येते. न्यू ऑर्लिन्सच्या 1892 च्या बहुतेक नाण्यांवर कानावरचा भाग सपाट असतो आणि गरुडाची छाती गुळगुळीत. यांतली अनेक नाणी कधी चलनात फिरलेलीही नाहीत.

फरक ओळखायचा तो तकाकीवरून. नाणे कडेने धरावे, एकाच दिव्याखाली हळूहळू तिरपे करत फिरवावे. छाप कमजोर असेल तर प्रकाशाचा पट्टा सपाट भागावरूनही सलग सरकतो. झीज असेल तर उंच भागावर तो तुटतो आणि तिथला रंग मंद करडा दिसतो. मग भिंग घ्यावे. कमजोर छापेच्या जागी मूळ चकतीवरचे बारीक टोचे आणि ओरखडे तसेच राहिलेले असतात, कारण ते दाबून मिटलेच नाहीत. शेवटी इतर उंच जागा तपासाव्यात. कानावरचे केस सपाट, पण गालावर आणि गरुडाच्या पंखांच्या टोकांवर घासल्याची खूण नाही, तर दोष छापेचा. त्याच वर्षाचे, त्याच टांकसाळीचे दुसरे नाणे शेजारी ठेवले की निर्णय पक्का होतो.

प्रतवारीत छापेचे वजन मर्यादित असते. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडलेली 1 ते 70 ची श्रेणी आज मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. 60 पासून पुढचे आकडे न वापरलेल्या नाण्यांचे. छाप कमजोर म्हणून न वापरलेले नाणे 60 च्या खाली येत नाही, पण अगदी वरच्या श्रेणीपर्यंत ते क्वचितच पोचते. काही नाण्यांत मात्र छापेचाच वेगळा शेरा दिला जातो. 1945 साली फिलाडेल्फियात पाडलेली मर्क्युरी डाइम ही दहा सेंटची नाणी पंधरा कोटींहून अधिक आहेत. पण मागच्या बाजूच्या काठ्यांच्या जुडीवरचे मधले बंद स्पष्ट सुटे दिसतात अशी फार थोडी. त्यांना किंमतही कित्येक पट येते.

हाताने पाडलेल्या नाण्यांना ही फूटपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. ठसा अनेकदा तांब्याच्या चकतीहून मोठा असे आणि घाव हातोड्याचा. त्यामुळे वर्तुळ पूर्ण उतरलेली शिवराई विरळाच. इथे पाहायचे ते छाप मध्यावर बसली आहे का, अक्षरे किती पूर्ण आहेत, घाव सगळीकडे सारखा पडला आहे का आणि दुहेरी घावाने अक्षरे जोडली गेली आहेत का. अर्धे अक्षर चकतीबाहेर गेले, याला झीज म्हणता येत नाही.

कमजोर छापेच्या नाण्याला झिजलेले ठरवणे हा त्या नाण्यावर अन्याय आहे. आणि झिजलेले नाणे ‘छापच कमजोर’ म्हणून खपवणे ही घेणाऱ्याची फसवणूक. म्हणून संग्रहाच्या नोंदवहीत छाप आणि झीज यांचे रकाने वेगळे हवेत आणि प्रत्येक बाजूची नोंद स्वतंत्र हवी.