कसें जावें, कोठें वळावें

इंग्रजींत चांगले गुण मिळविणारा एक मुलगा रस्त्याच्या कडेला उभा आहे. परप्रांतांतून आलेला एक गृहस्थ त्याला इंग्रजींत जवळच्या इस्पितळाची वाट विचारतो. इस्पितळ मुलाच्या रोजच्या वाटेवरचें; डोळे मिटूनहि तो तेथें पोहोंचेल. पण तोंडांतून शब्द निघत नाहीं. तो घाईघाईनें कोठेंतरी बोट दाखवितो आणि निघून जातो. ज्याला नाटकांतील उतारा कळतो त्याला चार वाक्यांत वाट सांगतां येऊं नये, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. त्या गृहस्थाचें कोणी माणूस त्या वेळीं इस्पितळांत खाटेवर असूं शकतें.

इंग्रजी शिकूं लागलेल्या माणसाला दोन गोष्टी पहिल्या वर्षींच साधल्या पाहिजेत. प्रवासाच्या साधनांची तुलना करणें ही एक, आणि ठिकाणाची वाट सांगणें ही दुसरी. दोहोंना शब्द थोडेच लागतात. मात्र दोहोंतहि बोलणारानें ऐकणाराच्या जागीं उभें राहावें लागतें. चुका होतात त्या बहुधा हें विसरल्यामुळें होतात.

प्रथम तुलना पाहूं. ‘विमान आगगाडीपेक्षां जलद आहे’ या मराठी वाक्यांत ‘जलद’ हा शब्द होता तसाच राहतो. तुलनेचा सारा भार ‘पेक्षां’ वाहतो. इंग्रजींत विशेषणहि बदलतें आणि ‘दॅन’ हा शब्दहि लागतो: ‘द प्लेन इज फास्टर दॅन द ट्रेन.’ नवशिका एक तर विशेषण बदलावयास विसरतो, नाहीं तर ‘मोअर फास्टर’ असा दुहेरी साज चढवितो. ‘फास्ट’, ‘चीप’, ‘स्लो’ अशा लहान शब्दांना शेवटीं ‘अर’ लागतो. ‘कम्फर्टेबल’, ‘एक्स्पेन्सिव्ह’ अशा लांब शब्दांच्या आधीं ‘मोअर’ येतो. एका शब्दाला यांपैकीं एकच पुरे. सर्वांहून अधिक म्हणावयाचें असेल तर ‘द फास्टेस्ट’ किंवा ‘द मोस्ट कम्फर्टेबल’. ‘गुड’चें ‘बेटर’ आणि ‘बॅड’चें ‘वर्स’ होतें. हीं रूपें सरळ पाठच करावीं.

व्याकरण येथें संपतें. विचार येथून पुढें सुरू होतो. समजा, मुंबईहून नागपुरास जावयाचें आहे. आगगाडीचा मार्ग सुमारें ८४० किलोमीटरांचा. रात्रीं बसलेला उतारू सकाळीं नागपुरास उतरूं शकतो. समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्यें आणि शेवटचा भाग जून २०२५ मध्यें खुला झाला. विमान सुमारें दीड तासांत पोहोंचतें. एवढें कळल्यावर नवशिका उत्साहानें म्हणतो, ‘द प्लेन इज द बेस्ट.’ वाक्य शुद्ध आहे. पण उत्तर अपुरें आहे. विमानतळावर आधीं जाऊन थांबावें लागतें, आणि समृद्धि महामार्गहि मुंबईच्या दारापर्यंत येत नाहीं. तो ठाणें जिल्ह्यांतील आमणें येथें संपतो. तुलना करावयाची ती घराच्या उंबऱ्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत करावी. शिवाय जाणारा कोण, हेंहि पाहावें. आजारी आईच्या बोलावण्यावरून निघालेल्या मुलास ‘फास्टेस्ट’ हवें. वसतिगृहांतील विद्यार्थ्यास ‘चीपेस्ट’ हवें. ज्याचे गुडघे दुखतात अशा आजोबांना आडवें होऊन जातां येणें महत्त्वाचें. त्यांना ‘मोअर कम्फर्टेबल’ काय तें सांगावें. ‘बेस्ट’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं ‘कोणासाठीं?’ हा प्रश्न मनांत यावयास हवा.

साधनाचा उल्लेख करतांनाहि एक जागा घसरण्याची आहे. मराठींत आगगाडीनें, बसनें, विमानानें जातात. इंग्रजींत ‘बाय ट्रेन’, ‘बाय बस’, ‘बाय प्लेन’ म्हणतात. त्याच चालीवर नवशिका ‘बाय फूट’ म्हणतो. पायीं जाणें म्हणजे ‘ऑन फूट’.

आतां वाट सांगण्याकडे वळूं. नागपूरच्या गाडीनें आलेला एक परदेशी पाहुणा छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे जुन्या बोरीबंदरावर, उतरला आहे. त्याला छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावयाचें आहे. मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसास सांगेल, “नाकासमोर जा, हुतात्मा चौक लागेल, तिथून महात्मा गांधी रस्ता धरा, जहांगीर कलादालन टाकलें कीं डाव्या हाताला.” हेंच शब्दशः इंग्रजींत नेलें तर पाहुणा प्रथम स्वतःचें नाक चांचपील. इंग्रजींत ‘गो स्ट्रेट’ एवढेंच म्हणतात. आणि सरळ म्हणजे तरी कोणीकडे? पाहुणा रस्त्यावर कोणत्या बाजूस तोंड करून उभा आहे, हें ठरल्यावांचून डावें-उजवें ठरत नाहीं. म्हणून आरंभ असा करावा: ‘कीप द स्टेशन ऑन युअर लेफ्ट. गो स्ट्रेट ऑन दादाभाई नौरोजी रोड. ॲट हुतात्मा चौक, टेक महात्मा गांधी रोड. वॉक पास्ट द जहांगीर आर्ट गॅलरी. द म्यूझियम इज ऑन युअर लेफ्ट.’ पांच लहान वाक्यें झालीं, आणि काम झालें.

या वाक्यांची ठेवण लक्षांत घेण्याजोगी आहे. मराठींत क्रियापद शेवटीं येतें: ‘पुढच्या चौकांत उजवीकडे वळा.’ इंग्रजींत बहुधा तें आधीं येतें: ‘टर्न राइट ॲट द नेक्स्ट क्रॉसिंग.’ मराठी श्रोत्यास आधीं ठिकाण कळतें, इंग्रजी श्रोत्यास आधीं कृति कळते. मनांत मराठी वाक्य जुळवून मग तें उलटें करीत बसणारा नवशिका याच जागीं अडखळतो. क्रियापद प्रथम उच्चारण्याची सवय लागली म्हणजे जीभ मोकळी होते.

‘समोर’ या शब्दाचेंहि असेंच आहे. जहांगीर कलादालनाच्या समोर, रस्त्यापलीकडे, डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. तेथें ‘ऑपोझिट’ म्हणावें. त्याच कलादालनाच्या दारासमोर टॅक्सी थांबली असेल तर ती ‘इन फ्रंट ऑफ’. मराठीला दोन्हीकडे एक ‘समोर’ चालतो. इंग्रजींत चुकीचा शब्द पडला तर ऐकणारा रस्त्याच्या भलत्याच बाजूला शोधीत राहतो.

सर्वांत धोक्याचा शब्द मात्र ‘राइट’. त्याचा एक अर्थ उजवा, दुसरा अर्थ बरोबर. पाहुणा खात्री करून घेण्यासाठीं विचारतो, ‘लेफ्ट?’ आणि नवशिका उत्तेजनार्थ म्हणतो, ‘राइट!’ पाहुणा उजवीकडे वळतो. चूक व्याकरणाची नव्हे. दोघांनींहि शुद्ध शब्द वापरले आहेत. अशा वेळीं ‘येस, लेफ्ट’ किंवा ‘करेक्ट’ म्हणावें. शिवाय वाट सांगणारा आणि विचारणारा बहुधा समोरासमोर उभे असतात. एकाचा उजवा हात तो दुसऱ्याच्या डावीकडे. म्हणून सांगणारानें पाहुण्याच्या शेजारीं, त्याच दिशेस तोंड करून उभें राहावें. विमान चालविणारे नियंत्रकाच्या महत्त्वाच्या सूचना उलट म्हणून दाखवितात, तशी पाहुण्याकडून सांगितलेली वाट एकदां म्हणवून घ्यावी. यांत अर्धें मिनिट जातें; चुकलेल्या वाटेंत अर्धा तास जातो.

याचा अभ्यास घरांत सहज होतो. रात्रीं जेवणानंतर मुलानें आपल्या दारापासून इस्पितळापर्यंत, टपाल कचेरीपर्यंत, स्थानकापर्यंत वाट इंग्रजींत सांगावी. वडील माणसांनीं डोळे मिटून, मनानें त्या रस्त्यानें चालत जावें, आणि ज्या वळणावर वाट सुटेल तेथें मुलास थांबवावें. आईनें प्रवासाची दोन साधनें सुचवावीं आणि जाणारा माणूस दर वेळीं वेगळा सांगावा. पंधरा दिवसांत भीड चेपते.

या सर्वांआधीं मात्र एक वाक्य शिकवावें: ‘आय ॲम सॉरी, आय डोण्ट नो.’ वाट ठाऊक नसेल तर हें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. ज्यानें असें उत्तर ऐकलें तो दोन पावलांवर दुसऱ्या कोणाला विचारील. पण ज्याला संकोचापायीं भलतेंच बोट दाखविलें गेलें, तो विश्वासानें चालत राहतो, आणि इस्पितळ त्याच्या पाठीमागें दूर राहतें.