रांजणगावची गाडी, हफेईची बॅटरी

पुणे-अहिल्यानगर रस्त्याने, म्हणजे आमच्या जुन्या सवयीने नगर रस्त्याने, शिरूरकडे येताना रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतला मोटारींचा कारखाना तिथेच आहे. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेली टाटांची विजेवरची नेक्सॉन याच कारखान्यात तयार होऊ लागली. आपल्या तालुक्यातली गाडी म्हणून आम्हा शिरूरकरांना तिचे कौतुक आहे. मात्र तिच्या पोटातल्या बॅटरीचा माग काढायचा तर थेट चीनमधल्या हफेई शहरापर्यंत जावे लागते.

टाटा आणि फियाट यांनी रांजणगावसाठी समझोता जाहीर केला तो २००६ साली. त्याच वर्षी हफेईत ली झेन नावाच्या उद्योजकाने बॅटरीची एक कंपनी काढली. आज ती गोशन हाय-टेक या नावाने ओळखली जाते. विजेच्या मोटारी तेव्हा जवळपास नव्हत्याच. मग बॅटरी विकत घेणार कोण? हफेईच्या शहर बससेवेने ती घेतली. २०१० मध्ये तिथे विजेवरच्या बस धावू लागल्या, त्या या कंपनीच्या बॅटऱ्यांवर. पुढे चीन सरकारने गाड्यांना भरघोस अनुदान दिले आणि २०१५ पासून मंजूर बॅटरी कारखान्यांची यादीच काढली. कोरियाच्या बड्या कंपन्या तिच्याबाहेर राहिल्या. ती यादी २०१९ मध्ये रद्द झाली, पण तोवर चिनी कारखाने चांगले बाळसेदार झाले होते. २०२० मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगनने गोशनचा सुमारे २६ टक्के हिस्सा घेण्याचे ठरवले. गंमत म्हणजे ही कंपनी चीनमधली सर्वांत मोठी नव्हे. तो मान सीएटीएल आणि बीवायडी यांचा.

गोशनचा भर लोह-फॉस्फेट जातीच्या लिथियम बॅटरीवर आहे. ही जात जरा वजनदार, पण स्वस्त, टिकाऊ आणि सहसा पेट न घेणारी. तिचा शोध चीनमध्ये लागलेला नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून तो प्रसिद्ध झाला. त्या निबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाधी आणि नंजुंडस्वामी ही भारतीय नावेही आहेत. म्हणजे ही विद्या आपल्या माणसांच्या हातून गेलेली आहे.

मी अनेक वर्षे आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा वर्ग शिकवला, म्हणून थोडे हिशेबाने सांगतो. असा एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा. शंभर सेल ओळीने जोडले की ३२० व्होल्ट होतात. त्यांना पेटी, थंडाव्याची सोय आणि लक्ष ठेवणारे सर्किट दिले की गाडीचा बॅटरीसंच तयार. हे जुळवणीचे काम आपण करतो. त्यासाठी टाटा ऑटोकॉम्पने डिसेंबर २०१९ मध्ये गोशनशी भागीदारी जाहीर केली. सेल मात्र चीनमधून येत राहिले. दूध आपले, विरजण शेजाऱ्याचे, असा हा प्रकार. गॅरेजमध्ये काम करणारा माझा एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, सेल बिघडला तर आम्ही उघडतसुद्धा नाही. पेटी तशीच परत जाते." मुले नट आवळायला शिकतात, सेल कसा होतो हे त्यांना दिसतच नाही. मला याचीच काळजी वाटते.

शेजाऱ्याशी संबंधही सरळ नाहीत. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला परवानगीची अट घातली आणि जूनमध्ये गलवान घडले. तळेगावचा कारखाना घ्यायला निघालेली ग्रेट वॉल मोटर्स २०२२ मध्ये परत फिरली. कारखाना आला नाही, माल येत राहिला. केंद्राने २०२१ मध्ये देशी सेलसाठी १८,१०० कोटींची योजना आणली, तिची चाल धीमीच राहिली. टाटांनी सेलच्या कारखान्याचा करार २०२३ मध्ये केला, पण तो गुजरातेत, साणंदसाठी. आणि जुलै २०२५ मध्ये चीनने या बॅटरीतले लोह-फॉस्फेट बनवण्याचे तंत्र देशाबाहेर देण्यावर निर्बंध घातले. नुसते पैसे मोजून ते मिळेल, असे दिवस राहिले नाहीत.

आता सेल म्हणजे मुख्यतः रसायनशास्त्र. शुद्ध भुकटी, द्रावक, कोरडी हवा आणि चोख मोजमाप. रांजणगावहून न्हावरे-चौफुला करत दौंड तालुक्यात गेले की कुरकुंभची रासायनिक वसाहत लागते. तिथल्या कामगारांना द्रावक आणि शुद्धता यांची भाषा समजते. उद्या कोणी सेलचे रसायन इथे करायचे म्हटले तर माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. पण कुरकुंभच्या आसपासचे शेतकरी आधी सांडपाण्याचे विचारतील. वर्षानुवर्षे त्यांच्या तक्रारी आहेत, तेव्हा त्यांनी ते विचारलेच पाहिजे, आणि उत्तर कारखान्याचा नारळ फुटण्याआधी मिळाले पाहिजे.