पुण्याच्या भिंती कोणाचे?
(भडगांव येथें दिलेलें व्याख्यान)



आपला माणूस पुण्याहून परतला कीं शनिवारवाडा पाहिल्याचें सांगतो. भिडेवाडा पाहून आलों, असें सांगणारा या गिरणाकांठीं मला भेटला नाहीं. आणि आतां तो वाडाच उरला नाहीं.

शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालीं झाली. उत्तरेच्या दरवाजास नांव दिलें दिल्ली दरवाजा! घरधन्याची नजर कोठवर होती, तें दारावरूनच कळतें. आंतले महाल १८२८ च्या आगींत जळाले. राहिले तट आणि जोतीं. तीं सरकारनें जपलीं, व जपावींच. जवळच लाल महाल आहे. शिवरायांचें बालपण गेलें तो मूळ वाडा केव्हांच नाहींसा झाला होता. आजचा महापालिकेनें गेल्या शतकाच्या अखेरीस बांधला. अभिमान जागा झाला म्हणजे नसलेला वाडाही उभा राहतो. तेथील शिल्पांत दादोजी कोंडदेव होते. ते शिवरायांचे गुरु कीं नव्हत, यावर रान उठलें, आणि डिसेंबर २०१० मध्यें महापालिकेनें तो पुतळा रातोरात काढला.

मंडईची गोष्ट तर याहून मौजेची. जोतीराव नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं या खर्चास विरोध केला. पैसा शिक्षणास लावा म्हणाले. कोणीं ऐकलें नाहीं. १८८६ सालीं विलायती धर्तीची, मनोऱ्याची इमारत झाली व तिला गव्हर्नर रे साहेबांचें नांव पडलें. पुढें साहेबाचें नांव पुसून जोतीरावांचें घातलें. पाटी आमची, बांधणी साहेबाची!

आणि ज्या शिक्षणासाठीं ते भांडले, त्याचें घर कोठें? १८४८ सालीं भिडेवाड्यांत जोतीराव-सावित्रीबाईंनीं मुलींची शाळा काढली. त्या वाड्यास ना बुरूज, ना नगारखाना. खालीं दुकानें चाललीं, वर्षानुवर्षें कज्जा चालला, भिंती खचल्या. डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय स्मारकासाठीं तो पाडला. राष्ट्राचा अभिमान तटाबुरुजांवर पोसला गेला, म्हणून साध्या लाकूड-विटांच्या घराची किंमत तें पडेपर्यंत कोणास कळली नाहीं. आपणांसही नाहीं, हें कबूल करूं या.

आतां तेथें कमानी व संगमरवर किती, यापेक्षां मुलींचा वर्ग भरणार कीं नाहीं, हें महापालिकेस विचारा. पत्रें लिहा, ठराव करून पाठवा. जागा सांपडण्यास अवघड नाहीं. दगडूशेठ गणपतीचें दर्शन घेऊन वळलांत कीं समोरच आहे.